आटे जुळले पाहिजेत

दहावी-बारावीचे निकाल लागले की एकदा, आणि दसरा जवळ आला की एकदा, असे वर्षातून दोनदा मला नातेवाईकांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला. "अरे, चिरंजीवांना गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय. बरा कितीला पडेल?" (हल्ली भाच्याही विचारतात आणि त्यांचे प्रश्न जास्त नेमके असतात, हे नमूद करून ठेवतो.) मी उलट विचारतो, "बोर्ड कोणता आणि रॅम कोणती सांगितली आहे?" पलीकडे दोन क्षण शांतता. मग उत्तर येतं, "ते दुकानदार बघेल रे. तू ग्राफिक्स कार्डाचं सांग."

आजचा सगळा लेख या एका वाक्याबद्दल आहे. माझं मत अगदी उलटं आहे. ग्राफिक्स कार्डाचं दुकानदार बघेल, मुलगाही बघेल, यूट्यूबवरची शंभर माणसं बघतील. ते सगळ्यात महाग असतं, त्यामुळे त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आणि ते नाहीच पटलं तर दोन वर्षांनी काढून दुसरं लावता येतं. पण मदरबोर्ड आणि रॅम ही जोडी एकदा चुकली की पुढची पाच-सहा वर्षं ती चूक तुमच्या घरात मुक्कामाला असते, आणि गंमत म्हणजे ती दिसतही नाही. म्हणून बसून, कागद-पेन घेऊन, सगळ्यात आधी ठरवायची असेल तर ही जोडी.

ज्यांना या भानगडीतलं काहीच माहीत नाही अशा काका-मावश्यांसाठी थोडक्यात सांगतो. एसएसडी किंवा हार्डडिस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ. सामान तिथे पडून असतं. रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे शिजतंय ते सगळं ओट्यावर. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. आणि मदरबोर्ड म्हणजे ते अख्खं स्वयंपाकघर, नळ, वायरिंग, भिंतींसकट. ओटा नंतर मोठा करता येतो, पण भिंत परवानगी देईल तेवढाच.

आता नाशिकच्या लोकांना समजेल असं उदाहरण. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत ज्यांची हयात गेली, मायकोत ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं काढली, त्यांना आट्यांबद्दल काही शिकवायला नको. दहा मिलिमीटरचा बोल्ट आणि दहा मिलिमीटरचा नट, दोन्ही नवेकोरे, दोन्ही चांगल्या कंपनीचे. पण बोल्टाचा पिच दीड मिलिमीटरचा आणि नटाचा सव्वाचा असेल, तर नट एक-दोन आटे चढतो आणि अडकतो. जोर लावला तर आटे मरतात. व्यास एक असून उपयोग नाही, पिच जुळला पाहिजे. हे ज्याला माहीत आहे त्याला मदरबोर्ड आणि रॅमचं नव्वद टक्के तत्त्वज्ञान आधीच कळलेलं आहे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. लांबी सारखी. दोघींना २८८ पिना. लांबून बघणाऱ्याला जुळ्या बहिणी वाटाव्यात. पण खालच्या कडेला जी छोटी खाच असते ती दोघींची वेगवेगळ्या जागी आहे. ती खाच मुद्दाम हलवलेली आहे, म्हणजे चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटमध्ये जाऊच नये. कारण आतलं सगळंच बदललेलं आहे. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ला १.१. डीडीआर५मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डावरून उचलून पट्टीवरच आणून बसवली आहे. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर ती खाच म्हणजे गो-नो गो गेज आहे. गेला तर माल पास, नाही गेला तर रिजेक्ट. वाद नाही, चर्चा नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की हे गेज फक्त ढोबळ चूक पकडतं. पिढी चुकली तर पट्टी बसणारच नाही, तुम्ही दुकानात परत जाल, प्रश्न मिटला. पण पिढी बरोबर असून बाकी सगळं चुकलं, तर पट्टी खटकन बसते, कॉम्प्युटर सुरू होतो, विंडोज येतं, गेम चालतो. त्या पुढच्या चुका पकडणारं गेज बोर्डावर कुठेच नाही. ते फक्त कागदावर आहे. आणि कागद वाचायचा आपल्याला कंटाळा.

कोणत्या बोर्डाला कोणती पिढी, हे तसं सोपं आहे. एएमडीचा एएम४ हा सॉकेट, ज्यावर २०१७ पासून रायझन प्रोसेसर येत गेले, तो फक्त डीडीआर४ घेतो. २०२२च्या सप्टेंबरात आलेला एएम५ फक्त डीडीआर५ घेतो. इंटेलचा एलजीए १८५१, २०२४च्या ऑक्टोबरात आलेला, तोही फक्त डीडीआर५वाला. घोळ आहे तो मधल्या एलजीए १७००मध्ये, म्हणजे इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीत. हे प्रोसेसर दोन्ही रॅमशी संसार करू शकतात, पण त्यांना सामावणारा बोर्ड जवळपास नेहमी एकाच जातीचा असतो. त्यामुळे बी७६० चिपसेटचे एकाच कंपनीचे दोन बोर्ड मिळतात, नाव जवळजवळ सारखं, फक्त एकाच्या शेवटी डीडीआर४ किंवा डी४ असं चिकटलेलं. ते शेपूट कोटेशनमध्ये लिहिलेलं नसेल तर तुम्हाला नक्की काय मिळणार हे कोणालाच माहीत नसतं.

आता एक खरं कोटेशन. माझ्या एका मावसभावाने मला व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवला. दुकान नाशकातलंच, नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या दुकानाचा नाही. कोटेशन असं: आय-५ चौदावी जनरेशन, गेमिंग बोर्ड, १६ जीबी गेमिंग रॅम आरजीबी, एक टीबी एसएसडी, आठ जीबी ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट, एसएमपीएस. खाली बेरीज आणि जीएसटी. मावसभावाचं म्हणणं, "ग्राफिक्स कार्ड ठीक आहे ना, तेवढं सांग."

मी म्हटलं, दुकानात फोन कर आणि बोर्डाचा आणि रॅमचा पूर्ण मॉडेल नंबर माग. त्याने मागितला. मिळालाही, कुणी लपवाछपवी केली नाही. बोर्ड निघाला एच६१० चिपसेटचा, डीडीआर४वाला. रॅम होती १६ जीबीची एकच पट्टी, वेग ३६००.

आता यात गंमत बघा. सगळं बसणार होतं. सगळं चालू होणार होतं. दुकानदाराने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पण एच६१० हा इंटेलचा सगळ्यात स्वस्तातला चिपसेट. त्यावर रॅम ठरलेल्या मर्यादेच्या वर पळवायची सोयच इंटेलने ठेवलेली नाही. त्या प्रोसेसरसाठी डीडीआर४ची ती मर्यादा ३२००. म्हणजे ३६००चे पैसे देऊन ती पट्टी ३२००च्या वर आयुष्यात कधी जाणार नव्हती. दुसरं, पट्टी एकच. प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते असतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. पट्टी एकच लावली की एक रस्ता बंद. ३२००च्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, आणि दोन पट्ट्यांतून ५१.२. तेच १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्यांमध्ये घेतले की रस्ता दुप्पट रुंद होतो. आणि यातलं काहीही त्या मुलाला कधी दिसलं नसतं. गेम मधूनमधून अडखळला असता. मग तो म्हणाला असता, ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. मग दोन वर्षांनी आणखी मोठं कार्ड आलं असतं.

आम्ही काय केलं? आरजीबीचे दिवे काढले, ३६००चा हट्ट काढला, बी७६०चा डीडीआर४ बोर्ड घेतला आणि आठ-आठच्या दोन पट्ट्यांचा ३२००चा एक संच घेतला. बोर्डाला थोडे जास्त गेले, दिव्यांचे वाचले. बेरीज जवळपास तिथेच राहिली. चिरंजीव दिव्यांसाठी दोन दिवस रुसले होते, ते आता विसरले असावेत :)

आता आकड्यांबद्दल. गेमिंगच्या बाजारात सगळं मोठ्या आकड्यावर विकलं जातं. पण रॅमच्या खोक्यावर दोन आकडे असतात आणि लोक एकच वाचतात. पहिला वेग, म्हणजे ३२००, ५६००, ६००० वगैरे. सेकंदाला इतके दशलक्ष वेळा देवाणघेवाण. दुसरा सीएल, म्हणजे मागितल्यापासून माहिती हातात पडायला घड्याळाचे किती ठोके लागतात तो. हा दुसरा आकडा जितका लहान तितका चांगला. दोन्ही मिळून खरा उशीर किती हे काढायला आठवीचं गणित पुरतं: सीएलला २०००ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात. डीडीआर४ ३२०० सीएल १६चं उत्तर येतं १०. डीडीआर५ ६००० सीएल ३०चंही १०. आणि डीडीआर५ ५६०० सीएल ४६ घेतली तर उत्तर येतं सोळाच्या वर. म्हणजे नवी पिढी, मोठा आकडा, आणि मागितलेली वस्तू हातात पडायला जुनीपेक्षा जास्त वेळ. आता डीडीआर५चा रस्ता रुंद आहे, त्यामुळे एकूण माल जास्त वाहून नेला जातो हे खरं. पण "मोठा आकडा म्हणजे चांगली रॅम" हे समीकरण इथे सपशेल आपटतं.

आणखी एक. खोक्यावरचा वेग हा रॅमच्या कंपनीचा दावा असतो. प्रोसेसरच्या कंपनीने दिलेली हमी नव्हे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी अधिकृत वेग ५२००. त्याच एएमडीने २०२२ साली सांगितलं की ६००० हा या प्रोसेसरना सगळ्यात मानवणारा वेग. पण त्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाची सोय स्वतःहून चालू करावी लागते. इंटेलवाल्यांकडे तिचं नाव एक्सएमपी. ती चालू केली नाही तर ६०००चा संच निमूटपणे ४८००वर वगैरे चालत राहतो, आणि ३२००चा डीडीआर४ संच २१३३ किंवा २४००वर. दुकानात असेंबल करून आणलेल्या मशीनमध्ये ही सोय चालू केली आहे का, हे विचारायला एक मिनिट लागतं. कुणी विचारत नाही. म्हणजे चौथ्या गिअरची गाडी घेऊन आयुष्यभर दुसऱ्यात चालवायची, आणि वर म्हणायचं गाडीत दम नाही.

आता आपल्या मध्यमवर्गीय सवयीबद्दल. आपण वस्तू टप्प्याटप्प्याने घेतो. आत्ता एवढं, दिवाळीला तेवढं, बोनस आला की उरलेलं. सवय चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण रॅमच्या बाबतीत ती जरा जपून वापरावी. "चार स्लॉटवाला बोर्ड घेऊ, आत्ता दोन पट्ट्या लावू, पुढे आणखी दोन टाकू" हा विचार डीडीआर४पर्यंत बऱ्यापैकी चालून गेला. डीडीआर५ला तो फारसा मानवत नाही. चार स्लॉट म्हणजे चार रस्ते नव्हेत. रस्ते दोनच, प्रत्येक रस्त्यावर दोन पट्ट्या टांगलेल्या. एकाच तारेवर दोघी बोलायला लागल्या की आवाज गढूळ होतो, मग समजावं म्हणून वेग कमी करावा लागतो. एएमडीचे स्वतःचे कागद बघा: रायझन ९००० मालिकेत दोन पट्ट्यांना ५६००, आणि चारही स्लॉट भरले की ३६००. म्हणजे रॅम वाढवली आणि वेग एक तृतीयांशाहून जास्त उतरला! प्रत्यक्षात काही बोर्ड याहून बरं चालवतात, पण हमी एवढीच. शिवाय दोन वर्षांनी आणलेल्या पट्ट्यांवर नाव तेच असलं तरी आतल्या चिप्स त्याच असतील याची खात्री नसते. म्हणूनच रॅम संचात विकतात. त्या दोन पट्ट्या एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. माझं स्पष्ट मत: डीडीआर५ घेणार असाल तर लागेल तेवढी एकदाच, दोन पट्ट्यांत. मग बोर्डाला दोनच स्लॉट असले तरी बिघडत नाही.

लागेल तेवढी म्हणजे किती? व्हॅलोरंटसारखा गेम कमीत कमी ४ जीबी मागतो. २०१५ साली पीसीवर आला तेव्हा जीटीए फाइव्ह ८ जीबी सुचवायचा. २०२३चा हॉगवर्ट्स लेगसी कमीत कमीच १६ मागतो. या चढणीवरून अंदाज बांधा. मुलगा फक्त व्हॅलोरंट खेळणार असेल तर १६ रग्गड. पुढची पाच वर्षं नवे नवे मोठे गेम खेळायचे असतील तर ३२चा विचार करा. ६४ मागत असेल तर त्याला विचारा, की बाबा रे, गेम खेळणार आहेस की सिनेमा काढणार आहेस?

टप्प्याटप्प्याच्या खरेदीत आणखी एक प्रकार हल्ली फार दिसतो. "आत्ता ग्राफिक्स कार्डाशिवाय घेऊ, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरू, कार्ड पुढच्या वर्षी." हा प्रकार मला मनापासून पटतो, पण इथे तर रॅमच ग्राफिक्सची मेमरी असते. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. या प्रोसेसरना नसते, ते ओट्यावरचीच जागा उसनी घेतात. अशा मशीनमध्ये एक पट्टी लावणं म्हणजे मुलाला धावायला सांगून एक पाय बांधणं. कार्ड नसलेल्या मशीनला दोन पट्ट्या ही चैन नव्हे, गरज आहे. आणि नेमक्या याच मशीनमध्ये, बजेट कमी म्हणून, एक पट्टी लावलेली असते.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने आत्ता लिहायचं कारण म्हणजे पैसा. २०२५च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती अक्षरशः उधळल्या; अनेक संच काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. कारण आपल्यापासून फार दूरचं आहे. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना रॅमची प्रचंड भूक लागली आणि या तिघींनी आपले कारखाने तिकडे वळवले. २०२५च्या डिसेंबरात मायक्रॉनने तर जाहीरच केलं की घरगुती ग्राहकांसाठीचा त्यांचा क्रुशियल हा ब्रँड बंद करणार. आपल्याकडे असेंबल्ड मशीनमध्ये वर्षानुवर्षं डोळे झाकून टाकली जायची, ती क्रुशियल! डीडीआर४ही त्याच वर्षी महागली, कारण कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेत होत्या. एके काळी रॅमची पट्टी ही बिलातली किरकोळ ओळ होती, चुकली तर "जाऊ दे" म्हणता यायचं. ते दिवस त्या वर्षी संपले. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधारही संपला, त्यामुळे जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही म्हणून नवा कॉम्प्युटर घेणारी घरं वाढली. महाग वस्तू आणि घाईचं गिऱ्हाईक, हे समीकरण काही फारसं चांगलं नाही.

म्हणूनच ज्यांच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४च्या दोन बऱ्या पट्ट्या आहेत त्यांनी त्या भंगारात काढू नयेत. त्या घेईल असा बोर्ड निवडण्यात कसलाही कमीपणा नाही. "पण पुढचं काय?" असं विचारणारे भेटतीलच. एएम५ घेतला तर पुढे प्रोसेसर बदलता येईल, २०२७पर्यंत आणि त्यानंतरही आधार देऊ असं एएमडीने म्हटलं आहे, हे खरं. एलजीए १७००ची वाट मात्र चौदाव्या पिढीशीच संपते, हेही खरं. ज्याला दोन-तीन वर्षांनी नवा प्रोसेसर टाकायचा आहे त्याने जरूर एएम५ घ्यावा. पण हात छातीवर ठेवून सांगा, आपल्यापैकी किती जणांनी त्याच बोर्डावर प्रोसेसर बदलला आहे? आपण मशीन घेतो आणि सहा-सात वर्षं वापरतो, मग सगळंच बदलतो. न होणाऱ्या बदलासाठी आज पैसे भरणं म्हणजे न झालेल्या नातवासाठी सायकल घेऊन ठेवणं. तसंच वेगाचं. मोठ्या स्क्रीनवर, सगळी सेटिंग्ज वर नेऊन खेळणाऱ्याला ५६०० आणि ६००० मधला फरक कळणारही नाही, तिथे कार्डच दमतं. प्रोसेसरमध्ये ज्यांना जास्तीची कॅश असते ते एक्स३डी रायझनही रॅमच्या वेगाचा फार बाऊ करत नाहीत. मी वेगाच्या मागे लागा म्हणत नाही. जुळवा म्हणतो.

"एवढं डोकं लावायचं तर दुकानदार कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक दुकानदार बोर्ड-रॅम बसेल एवढं बघतातच. पण त्यांचं गेज ते खाचेचं गेज आहे: बसलं, चालू झालं, माल पास. तुमचा मुलगा काय खेळणार, पुढे कार्ड टाकणार की नाही, घरात जुन्या पट्ट्या आहेत का, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय दुकानात जे पडून असेल ते आधी खपवणार. त्यात काही पाप नाही, धंदा आहे.

काही जण म्हणतात, मग सरळ ऑनलाइन मागवू, किंवा सकाळची पंचवटी पकडून लॅमिंग्टन रोड गाठू. जरूर गाठा, तिथला माल आणि भाव बघून डोळे उघडतात. पण बोर्ड मुंबईहून, रॅम ऑनलाइन, प्रोसेसर कॅनडा कॉर्नरहून, असं करू नका. मशीन सुरू झालं नाही तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतील, आणि मधे तुम्ही. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या तीन वस्तू एकाच बिलावर घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे, मग दोन-चारशे रुपये जास्त का जाईनात. आणि त्या बिलावर "गेमिंग बोर्ड" नको, पूर्ण मॉडेल नंबर. "१६ जीबी रॅम" नको, पट्टीवरचा पूर्ण पार्ट नंबर. वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो. हे मागितल्यावर जो दुकानदार वैतागत नाही, तो तुमचा दुकानदार.

आणि तो पार्ट नंबर तपासायचा कुठे? प्रत्येक मदरबोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या पानावर रॅमची यादी असते. कंपनीने स्वतः लावून बघितलेल्या पट्ट्या, कोणत्या वेगाने चालल्या, दोन लावून की चार लावून, सगळं लिहिलेलं. जवळच प्रोसेसरचीही यादी असते, आणि प्रत्येक प्रोसेसरसमोर बायोसची कोणती आवृत्ती लागते तेही. यादीत नाही ती पट्टी चालणारच नाही असं नाही. पण यादीतली घेतली तर भांडायला जागा राहते.

ही यादी वाचणं हे माझ्या मते बापाचं, आईचं काम आहे. मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू? ज्या माणसाने सगळी नोकरी मायक्रोमीटर हातात धरून केली, एका दोरीच्या फरकावरून माल परत पाठवला, तो माणूस कॉम्प्युटरच्या दुकानात शिरला की हात जोडून उभा राहतो. "आम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही म्हणाल ते." का बरं? ड्रॉइंग वाचता येतं, टॉलरन्स समजतो, दोन वस्तू एकमेकींत बसणं म्हणजे काय हे ज्याला हाताला कळतं, त्याला चार आकड्यांची यादी कळणार नाही? आणि मुलाचं उलटं. त्याला सगळ्या कार्डांची नावं पाठ, पण "हे नक्की जुळतं का, कागद दाखव" असं त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. एका संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून ती यादी उघडावी. त्याने नावं सांगावीत, याने आकडे तपासावेत. त्या तासाभरात पैसे वाचतील ते वाचतीलच, पण मुलाला पहिल्यांदा कळेल की बाबा इतकी वर्षं कारखान्यात नक्की काय करत होते.

शेवटी एक कामाची गोष्ट, नाहीतर रात्री अकराला मला फोन येतील. डीडीआर५चं नवं मशीन, विशेषतः एएम५चं, पहिल्यांदा सुरू केलं की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. कधी एक मिनिट, कधी चांगली पाच-सात मिनिटं. घाबरून बटण दाबू नका, प्लग ओढू नका. बोर्ड त्या वेळी रॅमची नीट तपासणी करत असतो, कोणत्या वेगाला किती ताण सहन होतो ते एकेक करून बघत असतो. एवढी चिकाटी तो दाखवतोय तर आपणही थोडी दाखवावी. तोवर चहा टाकावा.